अकरा रेघा

दर मे महिन्यात मी कातळावर गुडघे टेकते
आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या खाचांत लाल रंग भरते.
पगारी काम आहे. ब्रश सरकारी,
गुडघ्याखालची उशी माझी.
रंग नसला तर पाहुण्यांना काही दिसत नाही,
आणि दिसलं नाही की म्हणतात,
एवढ्या लांब बोहुसलेनला आलो
ते काय दगड बघायला?

पूर्वी लाटा इथवर यायच्या.
जमीन हळूहळू वर आली, समुद्र मागे सरला,
गलबतं तेवढी कातळावर राहिली.
एक आडवी रेघ, टोकाला वळलेली,
तिच्यावर उभ्या अकरा रेघा:
माणसं. तोंडं नाहीत, हात नाहीत.
चोवीस वर्षं मी त्यांना ओळखते.

डॉक्टर स्टेलान विद्यार्थी घेऊन येतात.
"हे कुणी एकानं नाही कोरलं," ते म्हणतात.
"नाईलच्या काठी, बोर्निओच्या गुहेत,
एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी
आपापले मेलेले होडीतच बसवले.
मातीखाली जसा सगळीकडे एकच कातळ,
तसं प्रत्येकाच्या झोपेखाली एकच चित्र."
पोरं वहीत उतरवून घेतात.
मलाही हे वाक्य आवडतं. पण

माझा बाप पाथरवट होता.
दगडाला तळहात लावून सांगायचा,
याची नस अशी जाते, इथे घाव घाल,
लोण्यासारखा उघडेल.
उलटा घातलास तर रुसेल, मग दिवस गेला.
'एकच कातळ' असं त्याच्या तोंडून
कधी ऐकलं नाही.
त्याच्या आधीच्यांनी तर गलबतंही फोडली,
चौकोनी चिरे पाडून जहाजात भरले.
कुठल्याशा बंदराच्या रस्त्यात
एक अर्धं गलबत आज उपडं पडलं असेल,
वरून ट्राम जात असेल.
गलबत जहाजात बसून गेलं,
याला काय म्हणायचं
ते मी स्टेलानना विचारलं नाही.

परवा बालवाडीची सहल आली.
तुवा नावाची मुलगी, पुढचा दात पडलेली,
माझ्या ओल्या रंगाजवळ उकिडवी बसली.
"काय आहे, ओळख बरं," बाई म्हणाल्या.
"फणी."
बाकीची हसली. बाई म्हणाल्या, नीट बघ.
तिनं नीट बघितलं. बोट लावून दाते मोजले.
"फणीच आहे. एक दाता तुटलाय."

खरंच, सातव्या रेघेनंतर एक जागा मोकळी आहे.
आमच्या नोंदवहीत तिथे लिहिलंय: झीज.

त्या दिवसापासून मला गलबत दिसेना.
डोळे बारीक करून बघितलं,
रात्री टॉर्च आडवा धरून बघितलं,
फणी. फणी. फणी.
एवढ्या शतकांची वल्ही एका पोरीनं
एका शब्दात काढून घेतली.

रविवारी आईकडे गेले.
ती नावं विसरली आहे, माझं आधी, बापाचं नंतर.
केस मात्र रोज विंचरायचे असतात,
कुणी चुकवलं की रडते.
मी मागे उभी राहिले, फणी घेतली,
आणि त्या पांढऱ्या, लांब, विखुरलेल्या पाण्यात
अकरा माणसं उतरली.
मागे एक रेघ उघडत गेली आणि मिटली.
"गुंता आहे तिथे," आई म्हणाली.
"हो," मी म्हणाले, आणि हात थांबवला.
कुठे, ते तिनं सांगितलं नाही.

आज सकाळी परत कातळावर.
सातव्या रेघेनंतरच्या मोकळ्या जागी
एक लहानसा लाल ठसा वाळलाय,
बोटाच्या टोकाएवढा.
कुणी न कोरलेल्या जागी रंग असू नये,
नियम आहे. पुसायला हवा.
मी चिंधी भिजवली, पिळली,
उशी उचलली
आणि पुढच्या कातळाकडे गेले.